तुर्भेला चिकटलेलं कोपरखैरणे

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि मराठी

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी ऐरोलीला राहतो आणि महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत काम करतो. आम्ही बसमध्ये, ऑफिसांत लावायचे माहितीचे पडदे बनवतो. पडद्यामागे ३२ बिटांच्या सिस्टीमवर चालणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असतो आणि प्रोग्रॅम रस्ट या भाषेत आहे. मराठी अक्षरं जुळवायला हार्फबझ आणि रंगवायला फ्रीटाइप अशी जोडी घेतली आहे. आधीच्या सहकाऱ्याने दोन्ही लायब्ररींची सी भाषेतली फंक्शनं हाताने रस्टमध्ये उतरवली होती. ती काढून मी बाइंडजेन या साधनाने आपोआप बनवलेली बाइंडिंग (दोन भाषांना जोडणारा कोड) लावली. लॅपटॉपवर सगळं कंपाइल झालं, पण तीन भानगडी आहेत. पायसाठी कंपाइल केलं की ‘यू८ हवा, आय८ दिलाय’ असे ढीगभर एरर येतात (दोन्ही ८ बिटांचे आकडे; यू८ बिनचिन्हाचा, आय८ चिन्हाचा). चाचणीला स्टेशनांची नावं घेतली, तर ‘तुर्भे’ मागितल्यावर पुष्कळदा ‘तुर्भेकोपरखैरणे’ असं सलग येतं, पुढे आणखी नावं आणि कधी चौकोन. आणि ‘ऐरोली’तला ल, ‘वाशी’तला श हिंदी वळणाचे दिसतात. साहेब म्हणतात, जुनंच परत लाव. काय करू? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : जुनं परत लावू नका. तिन्हींपैकी एकही चूक बाइंडजेनची नाही. हाताने लिहिलेल्या बाइंडिंगचा फटका मी खाल्ला आहे, तो तुम्हाला बसू नये असं मला मनापासून वाटतं.

नौपाड्यातल्या एका छापखान्यासाठी मी पायथॉनमध्ये लग्नपत्रिकांची मांडणी करणारा प्रोग्रॅम लिहिला होता. फ्रीटाइपची हेडर फाइल (लायब्ररीतली फंक्शनं आणि टाइप जाहीर करणारी) शेजारी उघडायची आणि एकेक ओळ बघत स्ट्रक्ट, म्हणजे एकापुढे एक ठेवलेल्या आकड्यांचा गठ्ठा, उतरवायचं, अशी पद्धत. फ्रीटाइपमध्ये मापांचा टाइप एफटी_पॉस, म्हणजे सीमधला साधा लाँग. तो मी ३२ बिटांचा धरला. छापखान्यातल्या विंडोजवर काहीच बिघडलं नाही, कारण विंडोज ६४ बिटांचं असलं तरी तिथे लाँग ३२ बिटांचाच असतो. घरी लिनक्सवर लावलं, तर प्रत्येक अक्षराची रुंदी बरोबर आणि उंची शून्य. ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा असतो. म्हणजे रुंदीच्याच आकड्याचा वरचा अर्धा भाग मी उंची म्हणून वाचत होते, आणि तिथे शून्यच असणार. दोन रात्री मी फॉन्ट तपासत बसले. हेडरमधल्या त्या एका शब्दाकडे लक्ष गेलं ते तिसऱ्या रात्री. कुठेही एरर नाही, इशारा नाही. अशा चुकीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

बाइंडजेन हेडर वाचायला लिबक्लँग वापरतो, म्हणजे खऱ्या कंपाइलरचे डोळे. शिवाय तो लाँगला सी_लाँग आणि सीमधल्या अक्षराच्या ‘चार’ या टाइपला सी_चार हीच नावं ठेवतो, त्यामुळे मशीन बदललं की माप आपोआप बदलतं. मग तुमचे एरर कुठून आले? तुमच्याच कोडमधून. लॅपटॉपवर सी_चार म्हणजे आय८ आणि सी_लाँग म्हणजे आय६४, म्हणून तुम्ही तसं थेट लिहून टाकलंत. पायमध्ये एआरएम प्रोसेसर असतो, आणि त्यावरच्या लिनक्समध्ये ‘चार’ बिनचिन्हाचा धरतात, म्हणून तिथे सी_चार म्हणजे यू८; आणि ३२ बिटांवर सी_लाँग म्हणजे आय३२. तुमच्या कोडमध्ये जिथे जिथे आय८, आय६४ आहे तिथे ही नावं घाला. एवढ्याने ढीग उतरेल.

बाइंडिंगची फाइल लॅपटॉपवर एकदा बनवून ठेवून दिली असेल तर तीही काढा. बिल्ड.आरएस या बिल्डआधी चालणाऱ्या फाइलमधून प्रत्येक बिल्डला बनवा. रॅपर.एच नावाची छोटी हेडर फाइल करायची, तिच्यात हार्फबझ आणि फ्रीटाइपची हेडरं ओढायची आणि तयार झालेली फाइल कार्गोच्या (रस्टच्या बिल्ड साधनाच्या) आउट_डिर फोल्डरमध्ये टाकायची. कुठल्या मशीनसाठी बिल्ड चाललाय हे बाइंडजेन कार्गोकडूनच समजून घेतो. मात्र हेडर पायवर असलेल्या आवृत्तीचीच द्या. लॅपटॉपवरची नवी हेडरं आणि पायवरची जुनी लायब्ररी अशी गाठ पडली, तर नसलेलं फंक्शन मागितलं जातं. अलाउलिस्ट, म्हणजे काय घ्यायचं याची यादी, लावून एचबी_ आणि एफटी_ने सुरू होणारंच घ्या, नाहीतर सिस्टीमची निम्मी हेडरं फाइलमध्ये येऊन बसतात. (जुन्या उदाहरणांत याच सोयीचं नाव व्हाइटलिस्ट आहे.) लिपींच्या यादीचं रस्टमधलं पक्कं एनम (ठरलेल्याच किमतींचा टाइप) करू नका, साधे स्थिरांक राहू द्या. हार्फबझच्या यादीत नव्या लिपी येत राहतात, आणि एनममध्ये नसलेली किंमत सीकडून आली की रस्टमध्ये पुढे काय होईल याची हमी नसते. एचबी_टॅगसारखे आर्ग्युमेंट घेणारे मॅक्रो बाइंडजेन उतरवत नाही. तेवढं दोन ओळींचं फंक्शन हाताने लिहा.

आता तुर्भे. तुमचं पत्र वाचल्यावर मी पहिल्यांदा हेच लिहायला घेतलं होतं. हार्फबझच्या बफरमध्ये मजकूर भरणाऱ्या एचबी_बफर_ॲड_यूटीएफ८ फंक्शनला मजकुराचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) द्यायचा आणि पाठोपाठ लांबी. लांबीच्या जागी उणे एक दिलं, तर हार्फबझ समजतो की मजकूर सीच्या रिवाजाप्रमाणे शून्य बाइटवर संपतो. इंटरनेटवरच्या सीमधल्या उदाहरणांत उणे एकच असतं, आणि तिथे ते बरोबर आहे. रस्टच्या स्ट्रिंगच्या शेवटी शून्य नसतं. कोडात लिहिलेली नावं कंपाइलर पुष्कळदा मेमरीत एकाला एक लागून ठेवतो. तुम्ही यादी वाशीकडून ठाण्याकडे लिहिली असणार, म्हणून तुर्भे संपल्यावर हार्फबझ थेट कोपरखैरणेत शिरतो, तिथून घणसोलीत, आणि शून्य सापडेपर्यंत वाचत सुटतो. ते चौकोन म्हणजे यादीच्या पलीकडची मेमरी. आधीच्या सहकाऱ्याने बहुधा सीस्ट्रिंग करून नाव पाठवलं होतं, तिच्या शेवटी शून्य असतं, म्हणून तेव्हा हे दिसलं नाही.

‘तुर्भे’मध्ये सहा कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं) आहेत : त, उकार, र, हलन्त, भ, मात्रा. यूटीएफ८मध्ये प्रत्येकी तीन बाइट, एकूण १८. ती १८ रस्टच्या ‘लेन’ या लांबी सांगणाऱ्या फंक्शनमधून घ्या आणि तीच द्या.

हेडरमध्ये त्या लांबीचा टाइप नुसता इंट आहे. उणे एकचा अर्थ काय, शून्य कोणी लावायचं, हे टाइपमध्ये कुठेच नाही, ते दस्तऐवजात लिहिलेलं आहे. बाइंडजेन टाइप उतरवतो, दस्तऐवजातल्या अटी उतरवत नाही. म्हणून बनलेल्या बाइंडिंगवर तुमचा स्वतःचा पातळ थर हवाच, आणि सगळं अनसेफ (ज्याच्या सुरक्षिततेची हमी रस्ट देत नाही ते) त्या एका फाइलमध्ये कोंडा. त्या थरात बफर बनवणाऱ्या फंक्शनला रस्टची स्ट्रिंग द्यायची. लांबी आतच काढली जाईल, बाहेरून कोणाला उणे एक देताच येणार नाही. बफर ड्रॉप झाला, म्हणजे त्याचं काम संपलं, की एचबी_बफर_डिस्ट्रॉय. ग्लिफांची (फॉन्टातल्या आकारांची) यादी परत देताना ती बफरच्या उधारीवर द्या, कारण बफर बदलला की तो पॉइंटर बाद होतो. आणि फॉन्टच्या फाइलचे बाइट : रीड-ओन्ली मोडने त्यांचा ब्लॉब (हार्फबझची बाइटांची पेटी) केलात तर हार्फबझ त्यांची प्रत करत नाही. ते बाइट धरणारा तुमचा व्हेक फंक्शनच्या शेवटी सुटला, तर हार्फबझ रिकाम्या झालेल्या जागेत फॉन्ट वाचत बसेल. बाइट आणि ब्लॉब एकाच स्ट्रक्टमध्ये ठेवा, किंवा डुप्लिकेट मोड द्या. आणखी एक : हार्फबझची क्रिएट फंक्शनं फसली तरी नल (रिकामा पॉइंटर) देत नाहीत, एक रिकामी निष्क्रिय वस्तू देतात. नल तपासून ‘झालं’ समजू नका.

ल आणि श. तुम्ही गेस_सेगमेंट_प्रॉपर्टीज वापरत असाल. ते फंक्शन लिपी मजकुरावरून ओळखतं, पण भाषा प्रोग्रॅमच्या लोकॅलवरून (भाषेच्या सेटिंगवरून) घेतं, आणि पायवर लोकॅल इंग्रजी किंवा नुसतं ‘सी’ असतं. मराठी ल आणि श फॉन्टात लोकल नावाच्या फीचरखाली असतात आणि भाषा मराठी आहे असं सांगितल्यावरच ते लागू होतं. गेस करण्याआधी बफरला ‘एमआर’ भाषा लावा. गेस फक्त न भरलेल्या गोष्टी भरतं. भाषेच्या फंक्शनलाही लांबी लागते. तिथेही उणे एक नको, २ द्या. एवढं करूनही ल बदलला नाही, तर तुमच्या फॉन्टात ती सोय नाही, फॉन्ट बदला. हे बारीक काम वाटेल साहेबांना. पण आपल्या स्टेशनाचं नाव आपल्या वळणात दिसणं हा प्रवाशाचा हक्क आहे असं मी मानते.

चाचणीत स्टेशनांबरोबर ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ ही जोडी घाला. पहिल्यात रफार, दुसऱ्यात ऱ्याचा आडवा र. दोन्हींचे ग्लिफ सारखे आले, तर माल बाहेर पाठवू नका.

प्रश्न : मी पायथॉन शिकते आहे. हार्फबझसाठी मीही बाइंडिंग बनवावी का? ओळीत कर्सर कुठे ठेवायचा ते मला काढायचं आहे. – एक विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : बनवू नका, तयार आहे ती घ्या. यूहार्फबझ ही बाइंडिंग सायथनमध्ये (पायथॉनला सीशी जोडणाऱ्या भाषेत) लिहिलेली आहे आणि चांगली आहे. आपोआप बनणारीच बघायची असेल, तर हार्फबझला जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शनची सोय आहे. तिथे सी कोडच्या कॉमेंटांत ‘ट्रान्सफर फुल’, ‘ट्रान्सफर नन’ अशा खुणा असतात, म्हणजे मिळालेली वस्तू कोणी मोकळी करायची हे यंत्रालाही वाचता येतं. वरच्या वाचकाला जो थर हाताने लिहावा लागतोय, त्यातला बराचसा भाग तिथे त्या खुणांतूनच निघतो.

कर्सरसाठी क्लस्टरचे आकडे (ग्लिफ मजकुरातल्या कुठल्या जागेवरून आला ते सांगणारे) बघाल, तेव्हा सांभाळा. मजकूर यूटीएफ८ने भरला असेल, तर क्लस्टर बाइटमध्ये मोजलेला असतो. ‘तुर्भे’मधला ‘र्भे’ क्लस्टर ६ वर येईल. पायथॉनला त्याच शब्दाची लांबी ६ वाटते, आणि मोजणी शून्यापासून असते, म्हणजे ६ हा इंडेक्स स्ट्रिंगच्या बाहेर गेला. कोडपॉइंट भरणारं फंक्शन वापरा, मग तोच क्लस्टर २ वर दिसेल.