पेटी, पायपेटी, ऑर्गन की संवादिनी? नावांविषयी प्रश्नोत्तरे

गणपती जवळ आले की माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात आणि माझ्याकडे प्रश्न सुरू होतात. यंदाही निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरताहेत: वाद्याचं नाव. नाव कळलं की वाद्य कळलं, असा पुष्कळांचा समज दिसतो. तसं नसतं.

'हार्मोनियम' हा शब्द संस्कृत 'हार' आणि 'मन' यांवरून आला, असा मेसेज फिरतोय. खरं का? (नाशिक)

नाही. पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ या कारागिराने 1842 मध्ये पेटंट घेतलं तेव्हा हे नाव ठेवलं. ग्रीक 'हार्मोनिया' म्हणजे जुळणी, मेळ. पुढे पाठवण्याआधी एखादा शब्दकोश उघडत जा.

'संवादिनी' हेच प्राचीन नाव असून 'पेटी' म्हणणं अडाणीपणाचं आहे, असं क्लासच्या बाई सांगतात. (सातारा)

वाद्यच आपल्याकडे 19व्या शतकात आलं, मग नाव प्राचीन कुठून असणार? पं. मनोहर चिमोटे आपल्या स्वरमंडळ (छेडायच्या तारांचं वाद्य) जोडलेल्या पेटीला 'संवादिनी' म्हणत. हे नाव रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. नाव सुरेख आहे, जरूर वापरा. पण गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी जिला मैफलीत मान मिळवून दिला ती पेटीच. बाईंशी मात्र वाद घालू नका, त्या शिकवतात कशा ते बघा.

इथे जुन्या सामानाच्या दुकानात 'मेलोडियन' विकायला आहे. हार्मोनियमच ना? मुलीला शिकायला घेऊ का? (न्यू जर्सी)

घाई नको. अमेरिकेत 19व्या शतकाच्या मध्याला घरोघरी असलेलं, पायाने भाता मारायचं छोटं वाद्य म्हणजे मेलोडियन. आयर्लंडमध्ये त्याच नावाने बटणांचा अकॉर्डियन ओळखला जातो. त्या काळात ज्याने त्याने आपापलं नाव ठेवलं होतं. व्हिएन्नाच्या आंतोन हेकलचं 1818 चं वाद्य 'फिसहार्मोनिका' (ग्रीकमध्ये फिसा म्हणजे भाता), लंडनच्या जॉन ग्रीनचं 'सेराफीन'. शिवाय दबँने 'हार्मोनियम' या नावावर हक्क राखल्यामुळे इतरांना वेगळी नावं शोधावी लागली. मुलीला भजन-ख्यालाची साथ शिकायची असेल तर हातपेटीच घ्या, तीही तिच्या गुरूंना विचारून.

आजोबांची पायपेटी आहे. वडील तिला ऑर्गन म्हणतात, काका हार्मोनियम. गावातला पेटीवाला म्हणतो, 'नावात काय आहे, सूर काढून साफ करून देतो.' देऊ का? (सावंतवाडी)

देऊ नका. निदान हे वाचेपर्यंत तरी नको.

पायाने वाजतं ते सगळं आपण पायपेटीत काढतो. पण त्यात दोन जाती आहेत. दबँच्या घराण्यातल्या हार्मोनियममध्ये भाता हवा दाबतो आणि ती सुरांतून (सूर म्हणजे हवेने थरथरणारी पितळी जीभ, तिच्या चौकटीसकट) बाहेर पडते. 1860 च्या सुमारास अमेरिकेत ज्याची भरभराट झाली त्या 'अमेरिकन ऑर्गन'मध्ये उलटं असतं. भाता हवा ओढून घेतो, बाहेरची हवा सुरांतून आत शिरते. आपल्या संगीत नाटकांत नटाच्या गळ्याला धरून राहणारा तो गोल, मऊ आवाज ऑर्गनचा. हातपेटीत हवा दाबली जाते, म्हणजे आतून ती हार्मोनियमचीच भाऊबंद.

याचा साफसफाईशी संबंध असा. हातपेटीतले सूर स्क्रूने पट्टीवर बसवलेले असतात, ते सोडवायची पेटीवाल्याला सवय असते. ऑर्गनचे सूर एकेका खाचेत नुसते सरकवलेले असतात आणि आकड्यासारख्या हत्याराने अलगद ओढून काढायचे असतात. आकडा नसला की माणूस पक्कड घेतो आणि पितळेची कड दुमडते. दुसरं त्याहून वाईट. ऑर्गनच्या सुराची जीभ टोकाशी किंचित वळवलेली, पिळलेली असते. तो पीळ कारखान्यात मुद्दाम दिलेला असतो, आवाजाची गोलाई त्यातच आहे. न कळणाऱ्याला ती जीभ 'वाकडी झालेली' वाटते आणि तो ती सरळ करून देतो, वर त्याचे पैसेही घेतो. असे 'दुरुस्त' झालेले ऑर्गन माझ्याकडे येतात. वाजतात, पण पत्र्यासारखे.

तुमचं वाद्य कुठल्या जातीचं आहे ते घरीच बघता येईल. हळू भाता मारा, एक पट्टी दाबा आणि तिच्या फटीशी कापसाचा बारीक धागा धरा. आत ओढला गेला तर ऑर्गन. (उदबत्तीचा धूर धरा, असं सांगणारे भेटतील. दीडशे वर्षांच्या लाकडाजवळ विस्तव नेऊ नका.) भाता फाटका असेल तर हेही करू नका. ऑर्गन उघडलेल्या माणसालाच बोलवा, आणि आकडा आहे का, हे आधी विचारा.

सुरपेटी म्हणजे लहान हार्मोनियम का? (परभणी)

नाही, ती फक्त आधारस्वर धरते.

परकीय नाव म्हणून रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली होती, हे खरं? (पुणे)

बंदी खरी, कारण खोटं. आकाशवाणीने 1 मार्च 1940 पासून ती घातली, तेव्हा राज्य इंग्रजांचंच होतं. आक्षेप स्वरांवर होता: मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (स्वरांमधले बारीक फरक) ठरावीक जागी अडकतात. 1971 नंतर ती सैल होत गेली.

एक विक्रेता 'अस्सल जर्मन सूर, शंभर वर्षांची पेटी' म्हणून दुप्पट भाव सांगतोय. वर परदेशी नावाची पितळी पट्टीही आहे. (ठाणे)

पट्टी कुणीही ठोकतो. झाकण उघडून सूर दाखवा म्हणा. तो कां-कूं करू लागला तर उठून या. दाखवले तरी पैसे देण्याआधी सूर लावणारा जाणकार सोबत न्या.

ऑर्गनच्या आतल्या लोकरीला कसर लागलीय. दिवाळीनंतर बघितलं तर चालेल? (कोल्हापूर)

नाही. तोवर ती भात्याच्या कापडापर्यंत पोचेल. याच आठवड्यात दाखवा, आणि तोवर डांबराच्या गोळ्या टाकून झाकण लावून ठेवू नका.