काँटूरच्या बिंदूवरचा रंग चुकीचा का येतो, आणि आतले सगळे पिक्सेल कसे मिळवायचे?

तुमचा प्रश्न असा आहे: ओपनसीव्ही या फोटो हाताळणाऱ्या लायब्ररीतल्या फाइंडकाँटूर्सने दिलेल्या काँटूरच्या, म्हणजे वस्तूच्या बाह्यरेषेच्या, बिंदूंवर मूळ फोटोतला रंग वाचला की भलताच येतो, मधूनच 'इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स'ची एरर येते, आणि काँटूरच्या आतले सगळे पिक्सेल कसे काढायचे तेही कळत नाही. भोसरी एमआयडीसीत कॅमेऱ्याने सुटे भाग मोजणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच. ओपनसीव्ही बिंदू देतं तो एक्स, वाय असा. पण पायथॉनमध्ये फोटो म्हणजे नमपायचा ॲरे, म्हणजे आकड्यांचा तक्ता, आणि ॲरेला आधी ओळ सांगावी लागते, मग स्तंभ. म्हणजे वाय आधी, एक्स नंतर. बालगंधर्व रंगमंदिराचं तिकीट आठवा: आधी रांग, मग खुर्चीचा नंबर, आणि रांगा रंगमंचापासून मागे मोजायच्या. फोटोतही वाय वरच्या कडेपासून खाली वाढत जातो, शाळेतल्या आलेखासारखा वर नाही.

समजा फोटो 640 रुंद आणि 480 उंच आहे. त्याचा शेप, म्हणजे ॲरेची मापं, छापलात तर 480, 640, 3 असा दिसेल (3 म्हणजे रंगांचे थर). बिंदू आहे एक्स 600, वाय 100. तुम्ही इमेज[600, 100] लिहिलंत तर 600 नंबरची ओळच नाही, म्हणून एरर. पण एक्स 480 च्या आत असला तर एरर येत नाही, गुपचूप दुसऱ्याच पिक्सेलचा रंग हातात येतो, आणि हे जास्त घातक आहे. फोटो 512 बाय 512 असा चौरस असेल तर ही चूक एररमधून कधीच कळणार नाही. म्हणून कोड तपासताना फोटो मुद्दाम आयताकृती घ्या.

काँटूरचा शेप एन, 1, 2 असा असतो; एन म्हणजे बिंदूंची संख्या. मधला 1 नडतो, तेव्हा आधी रीशेप(-1, 2) करून घ्या. आयताचे चारच बिंदू येत असतील तर काही चुकलेलं नाही. फाइंडकाँटूर्सला दिलेला चेन ॲप्रॉक्स सिंपल हा पर्याय सरळ रेषेची फक्त टोकं ठेवतं. कडेचा प्रत्येक पिक्सेल हवा असेल तर चेन ॲप्रॉक्स नन द्या.

आता आतले पिक्सेल. फोटोच्याच उंची-रुंदीचा काळा मास्क, म्हणजे हवा तो भाग पांढरा करायचा कोरा काळा फोटो, बनवा, ड्रॉकाँटूर्सला जाडी -1 देऊन त्यावर काँटूर भरून टाका, आणि पांढरे पिक्सेल गोळा करा. इथे परत तोच खड्डा आहे: नमपायचं व्हेअर वाय आधी देतं, ओपनसीव्हीचं फाइंडनॉनझिरो एक्स आधी देतं. कुठलंही वापरा, पण एका प्रोग्रॅममध्ये दोन्ही मिसळू नका. एकेका पिक्सेलला पॉइंटपॉलिगॉनटेस्ट (बिंदू आत की बाहेर ते सांगणारं फंक्शन) लावत बसू नका, फार वेळ जातो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे मोजमाप करणार असाल तर क्षेत्रफळाचं सांगायलाच हवं. आमच्याकडे वॉशर मोजायचे होते, एक पिक्सेल म्हणजे 0.05 मिमी. काँटूरएरियाने, म्हणजे काँटूरचं क्षेत्रफळ देणाऱ्या फंक्शनने, काढलेल्या क्षेत्रफळावरून व्यास काढत होतो. व्हर्नियर या हातातल्या मापकाशी ताडून पाहिलं तर बाहेरचा व्यास दर वेळी थोडा कमी, आणि भोकाचा थोडा जास्त. मला वाटलं लाइट जास्त आहे. दोन दिवस लाइट आणि थ्रेशोल्ड (पिक्सेल काळा की पांढरा ते ठरवणारी मर्यादा) खालीवर करण्यात गेले. शेवटी अप्पा बळवंत चौकातून आणलेली आलेखवही उघडली, 10 बाय 10 घरांचा चौकोन रंगवला आणि तोच चौकोन कोडमध्ये काळ्या फोटोवर काढला, एक्स आणि वाय दोन्ही 20 ते 29. पांढरे पिक्सेल मोजणारं काउंटनॉनझिरो म्हणालं 100. भोवतीचा आयत देणाऱ्या बाउंडिंगरेक्टने रुंदी 10 दिली. काँटूरएरिया मात्र 81!

वहीवर बघितल्यावर लगेच उमगलं. काँटूर पिक्सेलच्या बाहेरच्या कडेने जात नाही, कडेच्या पिक्सेलच्या मध्यातून जातो. 20 पासून 29 पर्यंत अंतर 9, आणि 9 गुणिले 9 म्हणजे 81. बाहेरच्या बाजूला अर्धा अर्धा पिक्सेल सुटतो. भोकाचा काँटूरही धातूच्या पांढऱ्या पिक्सेलवरूनच जातो, भोकातल्या काळ्या पिक्सेलवरून नाही, म्हणून भोक मोठं दिसतं. वॉशरची भिंत दोन्हीकडून झिजल्यासारखी होते. दोन्ही व्यासांत साधारण एकेका पिक्सेलचा फरक, म्हणजे 0.05 मिमी, आणि आम्हाला हाच फरक सतावत होता.

तेव्हापासून क्षेत्रफळ मी पिक्सेल मोजूनच काढतो. बाहेरचा काँटूर मास्कवर भरला, पिक्सेल मोजले, त्यांना π ने भागून वर्गमूळ काढलं की त्रिज्या. भोकासाठी थ्रेशोल्डचा फोटो उलटा करतो, म्हणजे भोक पांढरं होतं, आणि जोडलेल्या पांढऱ्या पिक्सेलचे तुकडे वेगळे करून मोजणाऱ्या कनेक्टेडकॉम्पोनंट्सविथस्टॅट्सकडून त्या तुकड्याचे पिक्सेल थेट घेतो. भोवतालची पार्श्वभूमीही तेव्हा पांढरी होते; फोटोच्या कडेला टेकणारा तो मोठा तुकडा वगळायचा.