ब्रेन ट्यूमरवर बायोइन्फॉर्मेटिक्समध्ये पीएचडी करायची आहे, कोडिंग येतं पण लॅबमध्ये कधी काम केलेलं नाही, जमेल का?

तू लिहिलंयस की एमएस्सी बायोइन्फॉर्मेटिक्सचं शेवटचं वर्ष आहे, आर आणि पायथन बऱ्यापैकी येतं, ट्यूमर फक्त पुस्तकात बघितलाय आणि घरचे म्हणतायत पाच वर्षं घालवण्यापेक्षा सरळ आयटीत जा. वयाने लहान वाटतेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

मी ग्लायोमावरच, म्हणजे मेंदूच्या ट्यूमरच्या एका मोठ्या गटावर, पीएचडी केली, सहा वर्षं आणि वर काही महिने लागले. जमेल गं, कोडिंगचं टेन्शन तर अजिबात घेऊ नकोस, ते सगळ्यांना हळूहळू येतं. माझी गाडी अडली ती भलतीकडेच. आपल्याला हातात काय मिळतं, एक मोठी टेबल, वीस हजार जीन्सच्या ओळी आणि ऐंशी-नव्वद पेशंटचे कॉलम, आणि बसल्या जागी वाटतं की एक कॉलम म्हणजे एक ट्यूमर. तसं नसतं ते. तो कॉलम म्हणजे सर्जनला त्या दिवशी जो तुकडा सुरक्षितपणे काढता आला तो, त्यात ट्यूमरच्या पेशी असतात, शेजारचा चांगला मेंदू असतो, रक्तवाहिन्या, मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, मेलेला भाग, सगळी मिसळ. आणि आपण त्या मिसळीची सरासरी घेऊन जीनबद्दल बोलत असतो.

हे फक्त नवशिक्यांचंच होतं असं समजू नको. कॅन्सरच्या जीन्सची नोंद करणाऱ्या अमेरिकेच्या टीसीजीए प्रकल्पाने सगळ्यात आधी हातात घेतलेला कॅन्सर ग्लायोब्लास्टोमाच, म्हणजे ग्लायोमातला सगळ्यात आक्रमक प्रकार होता, २००८ ला पेपर आला, आणि २०१० ला त्याच डेटावरून चार सबटाइप सांगितले गेले, प्रोन्यूरल, न्यूरल, क्लासिकल आणि मेसेन्कायमल. लोकांनी ते चार घेऊन किती पेपर लिहिले असतील देव जाणे. मग २०१७ ला फक्त ट्यूमरच्या स्वतःच्या पेशींमधली जीन्स धरून परत क्लस्टरिंग केलं, म्हणजे सारख्या सॅम्पल्सचे गट पाडले, तर न्यूरल गायब! तो बराचसा ट्यूमरच्या कडेचा नॉर्मल मेंदू होता, सॅम्पलमध्ये आलेला. एवढी मोठमोठी मंडळी, एवढा पैसा, तरी.

माझा किस्सा याहून साधा आणि जास्त लाजिरवाणा आहे. दुसऱ्या वर्षी माझ्या पीसीए प्लॉटवर, म्हणजे सारखी सॅम्पल्स जवळ दाखवणाऱ्या आलेखावर, सॅम्पल्सचे दोन मस्त वेगळे पुंजके पडले, वय बघितलं, ग्रेड बघितली, म्युटेशन बघितलं, कशानेच उलगडा होईना, म्हणजे नवीन सबटाइपच सापडला असं मी धरून चालले आणि चार महिने त्याच्या मागे लागले, पोस्टरसुद्धा छापलं. एक दिवस चहाला हिस्टोलॉजीतले टेक्निशियन काका बरोबर होते, त्यांना सहज आयडी दाखवले तर म्हणाले, अगं हे सगळे त्या दुसऱ्या सेंटरचे, त्यांच्याकडे शुक्रवारचं ऑपरेशन असलं की तुकडा शनिवार-रविवार फॉर्मॅलिनमध्येच पडून असतो, सोमवारी ब्लॉक होतो. झालं! जास्त वेळ फॉर्मॅलिनमध्ये राहिलं की आरएनएचे तुकडे पडतात, माझा नवीन सबटाइप म्हणजे वीकएंड होता. ते पोस्टर अजून आहे माझ्याकडे, माळ्यावर.

त्यामुळे गाइड निवडताना त्यांचे पेपर किती हे नंतर बघ. आधी विचार, सॅम्पल कुठून येतात, पॅथॉलॉजिस्ट कोण आहे आणि त्यांच्या मीटिंगला मला बसता येईल का, फॉलोअपचा डेटा कोण भरतं, एथिक्सची परवानगी आली आहे की यायची आहे. शेवटच्या प्रश्नावर "येईल लवकरच" असं उत्तर आलं तर स्वतःचं एक वर्ष त्यात धरून चाल.

लेबलांचं अजून एक लफडं आहे ते आत्ताच समजून घे. पूर्वी मायक्रोस्कोपखाली बघून नाव पडायचं. २०१६ पासून डब्ल्यूएचओने त्यात मॉलिक्युलर माहिती आणली आणि २०२१ च्या आवृत्तीत तर मोठ्यांच्या ट्यूमरमध्ये आयडीएच जीनमध्ये म्युटेशन असेल तर त्याला ग्लायोब्लास्टोमा म्हणायचंच नाही, अॅस्ट्रोसायटोमा ग्रेड ४ म्हणायचं असं ठरलं. १पी आणि १९क्यू हे क्रोमोसोमचे दोन्ही तुकडे गेलेले असतील आणि आयडीएच म्युटेशनही असेल तर ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. आता जुना पब्लिक डेटा डाउनलोड केलास तर त्यात ग्लायोब्लास्टोमाच्या नावाखाली हे आयडीएचवाले पण असतात, ते साधारण तरुण असतात आणि बरेच जास्त जगतात. ते वेगळे न काढता कुठलीही दहा जीन्सची सिग्नेचर, म्हणजे पेशंट किती जगेल याचा अंदाज बांधणारा जीन्सचा गट, लाव, सर्व्हायव्हलचे दोन कर्व्ह सुंदर फाकतात, पी व्हॅल्यू बघून डोळे दिपतात, आणि प्रत्यक्षात तू घुमवून फिरवून आयडीएचच मोजलेलं असतंस. माझ्या मते या विषयातले निम्मे सिग्नेचरवाले पेपर कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचे आहेत, पण हे मी व्हायवात बोलले नाही.

पण काम खरंच उपयोगी पडतं तेही बघ. हायडेलबर्गच्या ग्रुपने २०१८ ला डीएनए मेथिलेशनवरून, म्हणजे डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून, मेंदूचे ट्यूमर ओळखणारा क्लासिफायर काढला, २,८०१ सॅम्पलवर शिकवलेला, आतून रँडम फॉरेस्ट अल्गोरिदम, म्हणजे तू एमएस्सीला शिकलीस तोच. आज जगभरचे पॅथॉलॉजिस्ट अडलेल्या केसमध्ये असला निकाल बघतात, कधीकधी निदानच बदलतं. त्यात अल्गोरिदमपेक्षा ते सॅम्पल नीट गोळा करून नीट नाव लावणाऱ्यांची मेहनत मला मोठी वाटते.

कुठे करायची म्हणशील तर आपल्याकडे खारघरचं अॅक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र आहे, टाटा मेमोरियलचंच, म्हणजे पेशंट आणि लॅब जवळजवळ. बंगलोरला निमहान्स, मेंदू आणि मानसिक आजारांची संस्था, तिथे ब्रेन टिश्यूची बँक आहे, आणि आयआयएससी. नेट परीक्षेतून जेआरएफ फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, वर घरभाडं, फक्त पैसे दर महिन्याला येतील असं समजून हप्ते लावू नको. जर्मनीत पीएचडी ही नोकरीच धरतात, पगार बहुतेक पूर्ण नाही, ६५ टक्के कॉन्ट्रॅक्टचा, पण भागतं, माझी मैत्रीण आरामात राहिली.

घरच्यांचं म्हणणं पैशाच्या बाबतीत बरोबर आहे, खोटं कशाला बोलू. माझ्या बॅचचे आयटीतले लोक माझ्या पुढे आहेत आणि ते अंतर भरून निघेल असं वाटत नाही.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. ग्लायोब्लास्टोमात २००५ च्या ज्या ट्रायलने टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध आणलं त्यात मीडियन सर्व्हायव्हल १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेलं, आणि हीच मोठी झेप होती. तुझ्या शीटमध्ये एक कॉलम असतो, जिवंत असेल तर ० आणि नसेल तर १. तुला नाव माहीत नसतं, चेहरा माहीत नसतो, पण तीन वर्षं रोज तेच आयडी बघून ओळखीचे होतात. माझा एक एकतिसावा पेशंट होता, सगळ्या मॉडेलमध्ये चुकायचा, तब्येत वाईट असायला हवी आणि गडी आपला शून्यावर टिकून. नवीन फॉलोअपची फाइल आली की मी आधी त्याचीच ओळ बघायचे. पाचव्या वर्षी तिथे १ आला. त्या दिवशी मॉडेलची अॅक्युरसी वाढली थोडी.

आता करून बघ असं एक काम. सीबायोपोर्टल नावाच्या वेबसाइटवर टीसीजीएचे लोअर ग्रेड ग्लायोमा आणि ग्लायोब्लास्टोमा एकत्र केलेला संच आहे, फुकट, त्यात आयडीएचचा कॉलम तयार मिळतो. तुला आवडेल ती जीन घे, जास्त-कमी असे दोन गट कर, सर्व्हायव्हल कर्व्ह काढ. मग फक्त आयडीएच नॉर्मलवाले ठेव आणि तोच कर्व्ह परत काढ. दोन रविवार लागतील. दोन्ही कर्व्ह एकमेकांवर बसलेले बघून तुला वैताग आला की हसू आलं ते मला कळव, हसू आलं असेल तर घरच्यांशी काय बोलायचं ते आपण बघू.