पिशवीमागे चाल

बेटा,

तुझा निरोप रात्री पावणेतीनला आला. मी जागीच होते. मे महिन्यात धुळ्यात गच्चीवर पाणी मारून अंथरूण टाकलं तरी पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. तुझं बोलणं दोनदा ऐकलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाईट वाटलं. 'सिस्टर, समन्वयक म्हणजे नक्की कोण, हेच मला कळेनासं झालंय,' एवढं एक तू सरळ बोललीस. बाकी सगळा दवाखान्यांच्या कचऱ्याच्या तुझ्या त्या तीन देशांच्या प्रकल्पाचा, बैठकांचा हिशोब होता.

तू हुशार आहेस, तुला जमेल, असलं काही मी लिहिणार नाही. ते घरचे सांगतील. नोकरी सोडू का, याचंही उत्तर आज देत नाही. आधी एक सांग. गेल्या तीन महिन्यांत वॉर्डातून निघालेल्या कचऱ्याच्या एका तरी पिशवीमागे तू शेवटपर्यंत चालत गेलीस का? खाटेपासून ट्रॉली, ट्रॉलीपासून मागची खोली, खोलीपासून गाडी, गाडीपासून कचरा जाळायची भट्टी नाहीतर ऑटोक्लेव्ह, ते वाफेने जंतू मारायचं यंत्र. तुझे तीन देश राहू देत. शिरपुरात, धुळ्यात, कुठेही?

मला माहीत आहे, नाही गेलीस. गेली असतीस तर पिशव्या-डब्यांच्या रंगांवरून मनिलावाल्यांशी तीन आठवडे भांडली नसतीस.

रंगांचंच घे. आपल्याकडे २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार पिवळा, लाल, पांढरा, निळा. सुया पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सुयांचा डबा पिवळा, रसायनांची पिशवी तपकिरी, साधा कचरा काळ्यात. मनिलाचा तो गृहस्थ त्याच्या जागी बरोबर आहे, तू तुझ्या जागी. सगळ्या देशांसाठी एकच पोस्टर व्हावं हा हट्ट कुणाचा? पोस्टर छापणाऱ्याचा. ज्या देशात जो कायदा, तिथे तो रंग, विषय संपला. एकच गोष्ट सगळीकडे सारखी हवी: इंजेक्शन टोचल्यावर सिस्टरचा हात पोचेल एवढ्या अंतरावर डबा आहे की नाही. तीन पावलं लांब असेल तर तो कुठल्याही रंगाचा असो, सुई गादीवर राहते, मग चादरीत, मग धोब्याच्या हातात. हे तुला पोस्टर सांगणार नाही. पिशवीमागे चालशील तेव्हा दिसेल.

आकडे तुला पाठ आहेत. दवाखान्याच्या कचऱ्यातला साधारण ८५ टक्के घरच्यासारखाच असतो, १५ टक्के धोक्याचा. पण जळगावकडच्या वॉर्डात जाऊन बघ. भेटायला येणारा प्रत्येक जण डझनभर केळी घेऊन येतो. सालं कुठे जातात? सगळ्यात जवळच्या टोपलीत, आणि जवळची टोपली पिवळी, धोक्याच्या कचऱ्याची असते. पातेलंभर दुधात मिठाचा खडा पडावा तसं होतं. केळीची सालं, पेपर, जेवणाचे डबे, सगळं धोक्याचं होऊन भट्टीत जातं. तुझ्या अहवालात 'वर्गीकरण प्रशिक्षण पूर्ण' असं लिहिलेलं असतं. प्रशिक्षण सिस्टरांना दिलं होतं, बेटा. साल नातेवाइकाने टाकलं.

आता माझं ऐक. हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

१९९८ला पहिले नियम आले तेव्हा मी स्टाफ नर्स होते. नव्या डॉक्टर पोरांनी 'बायोमेडिकल वेस्ट'वरून त्याला 'बीएमडब्ल्यू' नाव पाडलं. गाडी आली, गाडी आली, म्हणून हसायचे. पुढे काही वर्षांनी बाहेरच्या पैशावरचा एक प्रकल्प आला आणि माझी प्रतिनियुक्तीवर जिल्हा समन्वयक म्हणून नेमणूक झाली. जीप, टेबल, दर तिमाहीला इंग्रजी अहवाल. चार तालुक्यांना ऑटोक्लेव्ह मिळाले. एका ठिकाणी यंत्र आलं, पण थ्री-फेज कनेक्शन नव्हतं. ताडपत्री घालून व्हरांड्यात ठेवलं. तिमाही संपत आली होती. मी रकान्यात लिहिलं: 'बसवले'. खोटं नव्हतं गं. बसलेलं होतं ते. व्हरांड्यात.

इकडे लाल पिशव्या मागच्या खोलीत साठायला लागल्या. तिथे काम करणाऱ्या मावशी अहिराणी बोलायच्या, पन्नाशीच्या, लुगड्याचा पदर खोचलेला. मी तपासणीला गेले तेव्हा रजिस्टर टापटीप होतं. रोजचं वजन, सही, सगळं. मी मान डोलावली. त्या दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "कागदवर समदं बराबर शे, ताई. मनं बोट दखा."

उजव्या हाताचं पहिलं बोट. नखाच्या खाली काळा ठिपका, भोवती पिवळट सूज, आणि सलाइनच्या बाटलीची चिकटपट्टी फाडून गुंडाळलेली. लाल पिशवी उचलताना आतली सुई आरपार आली होती. नऊ दिवस झाले होते. एचआयव्ही टाळायची गोळी ७२ तासांच्या आत सुरू करायची असते, तीही जितकी लवकर तितकी बरी. नऊ दिवसांनी मी काय करणार होते? काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बीची, लस तरी टोचली होती का, विचारलं. नाही. रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल तर लस न टोचलेल्याला एका टोचणीत शंभरात तीसपर्यंत धोका असतो, हिपॅटायटिस सीचा साधारण दोन, एचआयव्हीचा हजारात तीन. हे मी त्याच आठवड्यात फळ्यावर लिहून डॉक्टरांना शिकवलं होतं. मावशी त्या वर्गात नव्हत्या. त्यांना चहा करायला पाठवलं होतं.

त्यांच्या तपासण्या पुढे सहा महिने केल्या, सगळ्या निगेटिव्ह आल्या. नशीब त्यांचं. माझ्या अहवालाचं त्यात काही श्रेय नाही.

तेव्हापासून मला हा एकच नाद लागला, पिशवीमागे चालायचं. लोक वेडी म्हणाले. एका पाहुण्या तज्ज्ञांना मी दुपारी दोन वाजता, ४४ अंशांत, ट्रॉलीमागे मागच्या अंगणापर्यंत चालवलं. ते रागावले, पण त्यांना तिथे ताडपत्री दिसली. पुढच्या महिन्यात थ्री-फेज आलं. बैठकीत मी त्याची मागणी पाचदा केली होती.

तेव्हा इंडिकेटर बदल. 'यंत्रे बसवली' हा रकाना काढ. त्या जागी लिही: दर आठवड्याला बीजाणूंची, म्हणजे उष्णतेला सहज न मरणाऱ्या जंतूंची, चाचणी झाली का, त्यांची कुपी यंत्रात कुणी ठेवली, निकाल कुणी वाचला. १२१ अंश, १५ पौंड दाब, ६० मिनिटं, हे आपल्या नियमांत आहे. यंत्रात ठेवलेल्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे जंतू मेले असं नाही. पट्टी उष्णता सांगते, कुपी मरण सांगते. प्रकल्पाला पैसे देणारे दाते कुरकुरतील. कुरकुरू देत.

नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगाव-मोलगीकडचं तुला माहीतच आहे, तुझा मामा तिकडे शिक्षक होता ना? नियम म्हणतो, प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की गाडी कुठून येणार? दुर्गम भागासाठी नियमांत खोल पुरण्याची सोय आहे, परवानगी घेऊन. २ मीटर खड्डा, अर्धा भरला की चुना आणि माती. पण तक्त्यात '४८ तास: होय' असं छापलेलं असलं की तिथला माणूस 'होय'च लिहितो. नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांना तरंगता दवाखाना जातो. त्या बोटीवरचा सुयांचा डबा कुठल्या काठाला उतरतो आणि तिथून पुढे कुठे जातो? तुझ्या तिन्ही देशांत अशी एखादी बोट असणार, असा एखादा घाट असणार. ते शोधणं म्हणजे समन्वय. ईमेलमध्ये सगळ्यांना 'सीसी' करणं म्हणजे नाही.

आता भट्टीचं. तुझे नैरोबीचे लोक विटांची छोटी भट्टी मागतात, प्रकल्पाची अट आहे जाळायचं नाही, आणि तू मधे लटकलीस. अट उगाच नाही. टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरचा २००१चा स्टॉकहोम करार २००४ला लागू झाला, त्यात कचऱ्याच्या भट्ट्या डायॉक्सिन या विषाचा उगम म्हणून लिहिलेल्या आहेत, दवाखान्यांच्याही. आपले नियम भट्टीच्या दुसऱ्या कक्षात १०५० अंश मागतात, पन्नास इकडेतिकडे, वर ३० मीटरची चिमणी. विटांच्या भट्टीत लाकूड घालून हे होत नाही. मलाही हे ठाऊक होतं. म्हणून एका तालुक्यातल्या तसल्याच भट्टीचं टेंडर मी अडवून धरलं. आठ महिने. पत्रावर पत्र. सगळे म्हणाले, सिस्टर हट्टी आहेत.

होते. आजही अडवीन.

पण तुला खरं सांगते, कारण तू पावणेतीनला फोन करणारी आहेस. त्या आठ महिन्यांत कचरा कुठे जात होता? दवाखान्यामागच्या खड्ड्यात. उघड्यावर जळत होता. धूर शेजारच्या वस्तीत जात होता, आणि त्या वस्तीतली पोरं खड्ड्यातून प्लॅस्टिक वेचत होती. मी धुळ्यात बसून डायॉक्सिनवर पत्रं लिहीत होते. माझी बाजू शास्त्राची होती, आणि पिशवीमागे त्या आठ महिन्यांत मी एकदाही गेले नाही. जिने सगळ्यांना चालवलं तीच बसली. गेले असते तर भट्टीला नाही म्हणतानाच दुसऱ्या दिवशी गाडीची सोय मागितली असती, निदान तात्पुरतं कुंपण तरी. नाही म्हणणं माझ्या अंगात होतं. त्याऐवजी काय, हे विचारायला उशीर केला.

तेव्हा नैरोबीला नुसतं 'नाही' कळवू नकोस. विचार, आज रात्रीची पिशवी कुठे जाते. फोटो नको मागूस, फोटो झाडून पुसून काढतात. त्यांच्यातल्या कुणाला तरी पिशवीमागे चालायला लाव आणि चालता चालता फोनवर तुला सांगत राहायला लाव. मग भट्टीवर बोल.

आणि बैठकांच्या वेळा बदल, हे काय चालवलंयस? तुझं घड्याळ मधोमध आहे. नैरोबी अडीच तास मागे, मनिला अडीच तास पुढे. दुपारी एकला बैठक घे: त्यांचे साडेदहा, यांचे साडेतीन, जिनिव्हाचे उन्हाळ्यात साडेनऊ. न्यूयॉर्कच्या दात्यांशी संध्याकाळी साडेसहाला बोल, तिकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात. रात्री जागून तू काही मोठी होत नाहीस, नुसती चिडकी होतेस. परवा तू आईवर ओरडलीस, कळलं मला.

पुढच्या बुधवारी धुळ्याला ये. सकाळी साडेसहाला, वॉर्डची ट्रॉली निघायच्या आधी. मी अर्ज करून परवानगी काढून ठेवलीय, म्हातारीला अजून कुणी नाही म्हणत नाही. माझा गुडघा धरतो, म्हणून मागच्या अंगणापर्यंतच येईन. तिथून गाडीबरोबर तू जा. दुपारी घरी ये, भरीत आणि कळण्याची भाकरी करते, मग भांडू. आणि चपला घालून येऊ नकोस. जाड तळव्याचे, बंद बूट घाल.

तुझी,
सिस्टर