पंखा एकाच गतीने फिरतोय, मग पात्याच्या टोकाला त्वरण कुठून आलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १२०० मिमी स्वीपचा (म्हणजे पाती फिरून होणाऱ्या वर्तुळाचा व्यास तेवढा) छताचा पंखा एकसारख्या ३५० आरपीएमने (मिनिटाला ३५० फेरे) फिरतोय, तर पात्याच्या टोकाचं त्वरण किती? तुमचं उत्तर ७३,५०० आलंय. मित्र म्हणतो, गती बदलतच नाही तर त्वरण शून्य. दोघंही चुकलात. तुमची चूक दोन मिनिटांत सुटते, मित्राची जरा खोल आहे, म्हणून आधी ती बघू.

शाळेत चाल आणि वेग वेगळे शिकवतात ते इथे कामाला येतं. टोकाची चाल कायम आहे, पण दिशा क्षणोक्षणी वळतेय, म्हणजे वेग बदलतोय. सूत्र बाजूला ठेवा आणि हिशेब करा. त्रिज्या ०.६ मीटर, एका फेऱ्यात टोक ३.७७ मीटर जातं, सेकंदाला ५.८३ फेरे. चाल झाली २२ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ७९ किलोमीटर. (डोक्यावर एवढ्या वेगाने पत्रा फिरत असतो आणि आपण खाली निवांत घोरत असतो.) आता एका सेकंदाचा फक्त हजारावा भाग घ्या. तेवढ्यात पातं २.१ अंश वळतं, आणि वेगाचा बाणही (लांबी म्हणजे चाल, रोख म्हणजे दिशा) तेवढाच वळतो. आधीचा आणि नंतरचा बाण एकाच बिंदूपासून काढले तर त्यांच्या टोकांमधलं अंतर येतं ०.८०६ मीटर प्रतिसेकंद. वेगात एवढा बदल हजाराव्या भागात झाला, म्हणून त्वरण ८०६ मी/से². बाणांमधला हा फरक कागदावर काढून बघा, तो सरळ मोटरकडे, मध्याकडे रोखलेला दिसेल. हेच अभिकेंद्री त्वरण. गुरुत्वत्वरणाच्या ८२ पट!

सूत्रही हेच सांगतं: त्वरण = कोनीय वेगाचा (सेकंदाला किती कोन फिरतो त्याचा) वर्ग × त्रिज्या. तुम्ही कोनीय वेगाच्या जागी थेट ३५० घातलेत. तिथे रेडियन प्रतिसेकंद लागतात (रेडियन हे कोनाचं एकक, एक पूर्ण फेरा म्हणजे २ पाय रेडियन). आरपीएमला २ पायने गुणून ६० ने भागा: ३५० चे ३६.६५ होतात. त्याचा वर्ग १,३४३, गुणिले ०.६, म्हणजे पुन्हा ८०६. मी आयटीआयत वर्कशॉप कॅल्क्युलेशन शिकवतो, दरवर्षी निम्मा वर्ग इथेच घसरतो. उरलेल्यांतले काही त्रिज्येऐवजी व्यास घेतात.

सूत्रातला वर्ग मात्र हलक्यात घेऊ नका. आमच्या घरी दिवाळीच्या साफसफाईनंतर एक पंखा डुगडुगायला लागला. वायरमनने एका पात्याच्या मध्यावर वॉशर चिकटवून बघितला, तर डुगडुग वाढली. साधारण ५ ग्रॅमचा वॉशर, त्रिज्या ०.३ मीटर, तिथलं त्वरण टोकाच्या निम्मं, ४०३. म्हणजे तो जवळजवळ २ न्यूटनने, दोनशे ग्रॅम वजनासारखा, पंख्याला ओढत होता, आणि ओढण्याची दिशा सेकंदाला सहा वेळा गोल फिरत होती. वॉशर समोरच्या बाजूला गेल्यावर पंखा शांत झाला. रेग्युलेटर कमी केला की डुगडुग का दबते तेही यातून कळतं: फेरे निम्मे झाले की ओढ पावपट होते. ग्राइंडरच्या चाकावर कमाल आरपीएम छापलेले असतात ते याच कारणाने. ८,५०० चं चाक ११,००० च्या मशीनला लावलं तर फेरे तीसेक टक्केच वाढतात, पण चाकाला फाडू पाहणारा ताण पावणेदोन पटीच्या जवळ जातो. गार्ड काढून काम करणाऱ्याला हे मी फळ्यावर लिहून दाखवतो.

पंखा बंद केल्यावर दुसरं त्वरण येऊन मिळतं, स्पर्शरेषेच्या दिशेचं: कोनीय त्वरण (कोनीय वेग सेकंदाला जितका बदलतो तो) × त्रिज्या. समजा तो ४० सेकंदांत थांबला. खरा पंखा एकसारखा मंदावत नाही, पण हिशेबापुरतं मानू. ३६.६५ भागिले ४० म्हणजे ०.९२, गुणिले ०.६ म्हणजे ०.५५ मी/से², फिरण्याच्या उलट दिशेने. दोन्ही एकमेकांना काटकोनात असल्यामुळे बेरीज पायथागोरसने करायची. बटण बंद केल्याक्षणी ८०६ पुढे ०.५५ चा काही पाड लागत नाही. पण पाती अगदी रेंगाळायला लागतात, मिनिटाला साधारण ९ फेरे उरतात, तेव्हा दोन्ही समान होतात आणि एकूण त्वरण पात्याशी ४५ अंशांचा कोन करतं. गंमत म्हणजे हा कोन टोकाला काय नि मध्यावर काय, सगळीकडे तोच, कारण दोन्हीतली त्रिज्या भागाकारात उडून जाते.

आता ३०० आरपीएम घेऊन टोकाचं त्वरण स्वतः काढा. ५९२ च्या आसपास आलं नाही तर आकडेमोड इथे टाका, कुठे अडलं ते बघू.