साक्ष तुझी, अक्षर नवऱ्याचं

प्रश्न: ताई, माझं माहेर नगरचं, लग्न होऊन पुण्यात आले. दोन्ही घरं पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती. मे 2021 मध्ये कोविडने पप्पा गेले. सगळी मंडळी उपास धरून प्रार्थना करत होती, झूमवर रात्र रात्र चालायचं. तेव्हापासून मला प्रार्थनाच होत नाही, डोळे मिटते आणि पुढे काहीच नाही. हे खूप समजूतदार आहेत, कधी रागावत नाहीत, स्मरणाच्या उपासनेत मला बोलायला सुचेना तर साक्षसुद्धा, म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून देवाने काय केलं ते सांगायचं असतं ना, ती यांनीच लिहून दिली, मी नुसती वाचली. आता दर रविवारी चर्चला जाते ते ढोंग वाटतं. देवावर विश्वास उरला नाही असं सासरी सांगून टाकू का? की चर्चच सोडू?

उत्तर: अगं, चर्च जरा राहू दे बाजूला. "साक्षसुद्धा यांनीच लिहून दिली" एवढं लिहून तू पुढे पळालीस आणि मी तिथेच अडकले. काय होतं गं त्या कागदावर? तू सांगितलं नाहीस, पण अशा साक्षी ऐकतच मी मोठी झालेय, प्रभूने दिलं प्रभूने नेलं, त्याची योजना चांगलीच असते, सगळ्यांच्या प्रार्थनांबद्दल आभार. बाप नुकता गेलेला आणि तू माइकसमोर उभी राहून हे वाचलंस, लोक आमेन म्हणाले. तुला खरं काय म्हणायचं होतं ते कोणी विचारलं का? जे सगळ्यात आधी बोलायचं होतं तेच घशात राहिलं, मग आता डोळे मिटून दुसरं काय बोलणार तू?

आणि तुझ्या नवऱ्याला मी समजूतदार म्हणणार नाही, राग आला तर येऊ दे. त्याला तुझं गप्प राहणं बघवलं नाही म्हणून त्याने स्वतःचे शब्द तुझ्या तोंडात घातले. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा आलेले त्याचे मित्र आठव, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले तोवर ठीक होतं, मग तोंड उघडलं आणि देवाची बाजू मांडायला लागले. शेवटी देव रागावला कोणावर? ईयोब तर स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देऊन बसला होता, देवाला कोर्टात खेचायची भाषा करत होता, आणि देव म्हणतो माझ्याविषयी बरोबर बोलला तो हाच. बोलणी बसली ती मित्रांना.

मार्था बघ. तिचा भाऊ लाजर गेल्यावर येशू उशिरा आला तर ही बाई घरात बसून राहिली नाही, वाटेतच गाठलं आणि तोंडावर सांगितलं की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मागून तिची बहीण मरीया आली, तीही तेच बोलली. त्याने दोघींनाही गप्प केलं नाही, तो रडला. आता तू म्हणशील येशूने हाक मारली आणि मेलेला लाजर उठला, माझे पप्पा नाही उठले. खरंय. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि जे लोक पटकन उत्तर देतात त्यांच्यापासून तू लांब रहा.

तू नगरची, म्हणजे टिळकांची भजनं म्हणतच वाढली असशील. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण नवरा ख्रिस्ती झाला म्हणून लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. त्या वेगळ्या राहिल्या, खूप रडल्या, आणि काही वर्षांनी त्यांचं त्यांना पटलं तेव्हाच घेतला. त्या काळात, ब्राह्मण घरातून आलेल्या बाईने नवऱ्याचा विश्वास उसना घेतला नाही, मग तू का घेतेस?

एकच काम सांगते. या रविवारच्या आत वहीचं एक पान घे आणि देवाला जे म्हणायचंय ते स्वतःच्या हाताने लिही. ऑक्सिजनसाठी आम्ही दारोदार फिरत होतो तेव्हा तू कुठे होतास, असं लिही. शिवी आली तर शिवी लिही. देव आहे की नाही याचा निकाल लागायची वाट बघू नकोस, तसंच लिही. भीती वाटली तर आधी स्तोत्र 88 वाच, शेवटच्या ओळीपर्यंत अंधारच आहे त्यात, आभार नाहीत, समाधान नाही, आणि तरी ते आपल्या बायबलमध्ये आहे. मग नवऱ्याला समोर बसव आणि मोठ्याने वाच. त्याला आधीच बजाव की मध्ये बोलायचं नाही, बायबलमधलं वचन सांगायचं नाही, आणि संपल्यावर "चल प्रार्थना करू" म्हणायचं नाही. ऐकून त्याला रडू आलं तर रडू दे.

सासूबाईंना आणि चर्चच्या पाळकसाहेबांना सध्या काही सांगायची गरज नाही. रविवारी जावंसं वाटलं तर जा, नाही वाटलं तर घरी झोप. पण पुन्हा कोणी साक्षीसाठी नाव पुकारलं तर जागेवरूनच नाही म्हण, कारण देऊ नकोस.

लिहून झालं की मला नुसतं झालं म्हणून कळव. कागद पाठवू नकोस, तो माझ्यासाठी नाही.