रानातील पहाटेचे बारीक आवाज टिपण्यासाठी रेकॉर्डरला वेगळा प्रीअँप जोडावा का?

हातात मावणाऱ्या रेकॉर्डरला बाहेरून प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल मोठा करणारे उपकरण) जोडल्यास, किंवा ३२-बिट फ्लोटचा (अगदी बारीक ते अगदी मोठा आवाज एकाच फाइलीत सामावणारा) रेकॉर्डर घेतल्यास, मागची सततची सरसर जाईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पैसे आधी कमी नॉइजच्या, म्हणजे कमी सरसर करणाऱ्या, माइकवर घालावेत आणि मग रेकॉर्डरवर. वेगळ्या प्रीअँपची गरज आता क्वचितच पडते.

ही सरसर माइकची असते किंवा प्रीअँपची, आणि दोहोंपैकी जी मोठी ती दुसरीला झाकून टाकते. रोडच्या काळ्या एनटी१ माइकचा स्वतःचा नॉइज ४.५ डेसिबल असून एक पास्कल दाबाला तो सुमारे ३५ मिलिव्होल्ट देतो. हिशेब केला तर रेकॉर्डरपाशी पोहोचणारा त्याचा नॉइज उणे ११६ डीबीयूच्या (सिग्नलची विद्युत पातळी मोजण्याचे एकक; उणे आकडा जितका मोठा तितका नॉइज कमी) आसपास येतो. झूम एफ३ या ३२-बिट फ्लोट रेकॉर्डरच्या प्रीअँपचा नॉइज उणे १२७ डीबीयू आहे, म्हणजे त्याची भर अर्ध्या डेसिबलचीही नाही; तेथे कितीही महाग प्रीअँप जोडला तरी कानाला फरक कळणार नाही. शुअर एसएम५८सारखा डायनॅमिक (विजेशिवाय चालणारा) माइक मात्र तेवढ्याच दाबाला जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट देतो, त्यामुळे गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते प्रमाण) शेवटपर्यंत न्यावा लागतो आणि प्रीअँपचा सगळा नॉइज वर येतो. दूरवरच्या रातवा पक्ष्यासाठी असा माइक घेऊच नये.

३२-बिट फ्लोटने सरसर कमी होत नाही. एफ३मध्ये प्रत्येक चॅनेलला दोन कन्व्हर्टर (सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणारे भाग) असल्याने गेन लावावा लागत नाही आणि अचानक मोठा आवाज आला तरी फाइलमधला आवाज फाटत नाही, हा त्याचा खरा लाभ आहे. मात्र त्यात अंगचे माइक नाहीत, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे.

जुना रेकॉर्डर हाताशी असेल तर तो तपासून पाहावा. माइकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर प्लगच्या दोन आणि तीन क्रमांकाच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर डाखवून प्लग इनपुटमध्ये घालावा, फँटम पॉवर (रेकॉर्डरकडून माइकला मिळणारी वीज) बंद ठेवावी, गेन पूर्ण वाढवावा आणि हेडफोनवर ऐकावे. जे ऐकू येईल ते जवळजवळ सर्वस्वी प्रीअँपचेच असेल. त्याच गेनवर माइक जोडून शांत खोलीत ठेवल्यावर सरसर ठळकपणे वाढली, तर प्रीअँप बदलून काही साधणार नाही. बाहेरचा प्रीअँप जोडायचाच असेल तर तो लाइन-इनमध्येच (आधीच मोठा केलेला सिग्नल घेणाऱ्या इनपुटमध्ये) द्यावा, कारण माइक-इनमध्ये दिल्यास सिग्नल पुन्हा त्याच नॉइजी प्रीअँपमधून जातो.

वाऱ्यासाठी केसाळ विंडशील्ड हवेच. सह्याद्रीत पावसाळ्यात बेडकांचे आवाज टिपणार असाल, तर दमटपणाने साधे कंडेन्सर (विजेवर चालणारे, अधिक संवेदनशील) माइक तडतडू लागतात. सेनहायझरच्या एमकेएच मालिकेतील माइक आरएफ पद्धतीचे (आत उच्च वारंवारतेचा सिग्नल वापरणारे कंडेन्सर) असल्याने तेथे अधिक टिकाव धरतात. ते महाग आहेत, पण वेगळ्या प्रीअँपसाठी राखलेले पैसे मी तिकडे वळवीन.